कुसुमताईची भाऊबीज आणि अडकलेली डिस्क

आमच्या सानगडी गावात धनराजच्या गॅरेजात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. गाडी खोलून परत जोडली की हमखास काहीतरी उरतं, ते त्या डब्यात जातं. कुठला बोल्ट कुठल्या गाडीचा, हे धनराजलाही ठाऊक नाही. आमचे किस्सेही असेच साचलेत. कोणता कशातून उरला ते विचारू नका. हात घालायचा आणि लागेल तो काढायचा!

एकदा एका गिऱ्हाइकाने मोटारसायकल नेताना डब्यात चकचकीत नट पाहिला. "हा माह्याच गाडीचा होय ना?"

"तुमचाच होय. पण गाडी त्याच्याबिना चालून राहिली ना? मंग काहून त्रास देता त्याले?"

गिऱ्हाईक विचार करत निघून गेलं. अजून करतंय म्हणे.

याच्या उलटही चालतं. कुठल्याही गाडीत रिकामं भोक दिसलं की धनराज डब्यातलं काहीतरी त्यात बसवतो. का, तर "रिकामं भोक बरं नाही दिसत, भाऊ."

*

यंदाची भाऊबीज. ब्रेक मारला की माझ्या चारचाकी गाडीचं पुढचं चाक घर्र घर्र करायचं. धनराज म्हणाला, डिस्क गेली. डिस्क म्हणजे चाकामागची ती लोखंडी ताटली, जिला ब्रेक दोन्हीकडून दाबून धरतो. मी भंडाऱ्याहून नवी आणली. तो म्हणाला, "भाऊबीजेच्या सकाळी ये, चहा पिऊन होईपर्यंत बदलून देतो."

संध्याकाळी कुसुमताईकडे पोचायचं होतं. माझी ही मोठी बहीण. तिचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, आता ती पवनीच्या पलीकडे पुनर्वसनाच्या गावात राहते. आईला लेकीकडे जायला मिळतं ते याच दिवशी, आणि तिच्या गुडघ्यांनी मोटारसायकल कधीच सोडून दिली आहे. म्हणून चारचाकीच हवी. आई करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन गॅरेजातल्या खुर्चीत बसली.

ताईचा फोन आला. "सुध्या, निघाला का?"

"निघूनच राहिलो, ताई."

"आवाज कायचा होय?"

धनराज जुन्या डिस्कवर हातोडा घालत होता. ती गंजून जागेवर अशी चिकटली होती की हलायला तयार नव्हती. "फटाके फोडून राहिले पोरं," मी म्हणालो.

"पाह्य बरं. दिवे लागाच्या आंधी नाही आला तं मी चंद्राले ओवाळीन!"

आमच्याकडे जिला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. इथे मी धडधाकट उभा होतो!

*

भाऊबीजेला गावात पाहुणेच पाहुणे. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आत डोकावे आणि हातोडा मागून घेई. एक म्हणाला, तापवा. दुसरा म्हणाला, गार करा. धनराजने दोन्ही करून पाहिलं. डिझेल ओतलं, मागून ठोकलं, पुढून ठोकलं. एक दणकट पाहुणा तर घामाघूम होईस्तोवर ठोकत राहिला. शेवटी हातोडा खाली ठेवून त्याने विचारलं, "पण तुम्ही हे काढून राहिले का बसवून राहिले?"

आम्ही वाकून डिस्क परत एकदा तपासली!

आई बराच वेळ बघत होती. "धनराज, बसोताना इतकी ठोकली होती का?"

"नाही माय, अल्लग बसली होती."

"मंग अल्लगच काढ ना!"

धनराजने हातोडा ठेवला आणि खरंच दोन बोटांनी हळूच ओढून पाहिली.

*

दुपार कलली. मग धनराजचे जावई आले. दिवाळीला नागपूरहून आलेले, काम कम्प्युटरचं. गाडीशी त्यांचा संबंध फक्त आत बसण्यापुरता. पण दिवाळीला आलेल्या जावयाचं बोलणं आमच्याकडे कुणी खोडत नाही, सासरा तर नाहीच नाही.

जावईबापूंनी मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस अडकलेल्या डिस्कवरच्या दोन रिकाम्या भोकांकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागला आणि नेट गेलं. बोट तिथेच थांबलं.

"मामाजी, आपल्या डिस्कला भोकं कुठं आहेत?"

धनराजने गंज खरवडला. दोन भोकं होती, दोन्हींत स्क्रू बसवलेले!

"हे कोणं टाकले?" मी विचारलं. धनराज डब्याकडे बघू लागला. "मीच टाकले असन. रिकामे बरे नाही दिसत."

"आधी ते काढा," जावईबापू म्हणाले. धनराजने ॲलन की, म्हणजे स्क्रू फिरवायची वाकडी षटकोनी किल्ली, लावली. "असं नाही मामाजी, दुसऱ्या बाजूनं फिरवा."

धनराज माझ्या कानाशी आला. "तिकून घट्ट होते, भाऊ!"

"मंग सांग ना त्याईले."

"दिवाळीच्या दिसी? पोरगी काय म्हणन मले?"

आणि सासऱ्याने जावयाच्या मानासाठी दोन्ही स्क्रू घट्ट केले. हा थोडा, तो थोडा, परत हा. एकदम "कट्ट" असा आवाज झाला आणि डिस्क सुटून धनराजच्या पायाशी पडली!

"घट्ट केली तं सैल कशी झाली?" धनराज स्वतःलाच विचारत होता. नंतर कळलं, ती भोकं त्यासाठीच असतात: स्क्रू आत जाऊन मागच्या लोखंडाला टेकतात आणि डिस्कला बाहेर ढकलतात.

"मी म्हटलं होतं ना," जावईबापू म्हणाले. पण काय म्हटलं होतं ते त्यांनाही आठवत नसावं, कारण ते पुन्हा मोबाइल बघू लागले.

"पाह्य, अल्लग निघाली," आई म्हणाली.

नवी डिस्क चढली. तिलाही दोन रिकामी भोकं होती. धनराजचा हात डब्याकडे गेला.

"धनराज!" मी ओरडलो.

"बरं, एकच टाकतो."

*

आम्ही पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. पश्चिमेला चंद्राची बारीक कोर होती, आणि आमच्याकडे पाठ करून कुसुमताई अंगणात ताट घेऊन उभी होती. ती त्या कोरीला ओवाळत होती. मला रडूच आलं.

"कुसुम, भाऊ आला ना तुहा!" आईने गाडीतूनच हाक मारली.

ताईने मागे पाहिलं नाही. "थांब माय. सुरू केलं ते मधात नाही सोडत. हा आंधी आला."

सगळं नीट झाल्यावर तिने डोळे पुसले, मला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "मले फटाक्यातला आन् हातोड्यातला फरक समजते, सुध्या. तुहा नंबर दुसरा."

आई करंज्यांचा डबा उघडून गोंधळलेली बसली होती. एकदा माझ्याकडे बघे, एकदा वर चंद्राकडे.

"कुसुम, तो तुहा भाऊ झाला, मंग माहा तं पोरगाच झाला ना?" तिने एक करंजी बाजूला काढली. "सुध्यापेक्षा मोठा होय का लहान?"