म्हणे, शैलाने कॉम्प्युटरला हात लावला नाही!

शैला गेल्याचं मला तिच्या मुलीने, मानसीने फोन करून सांगितलं. आणि ती कोण होती हे दुपारी आलेल्या पेढीच्या मेसेजवरून कळलं. बोरिवलीतल्या ज्या सराफी पेढीत तिने उभा जन्म दागिन्यांची डिझाइनं काढली, त्या पेढीने समईच्या चित्राखाली लिहिलं होतं, ‘संगणकाच्या युगातही अखेरपर्यंत कागद-पेन्सिलीशी एकनिष्ठ राहिलेल्या आमच्या शैलाताई...’ मी डोळे पुसत होते, ते पुसायचे राहिले. एकनिष्ठ? अहो, अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत कॉम्प्युटरचं एक दुकान या बाईने सोडलं नव्हतं, आणि प्रत्येक दुकानात तिच्यामागे फरफटत जाणारी मी होते! मेसेज ग्रुपवर फिरत राहिला, खाली लोक हात जोडत राहिले, आणि मला मेलं रडूच येईना. तेराव्यापर्यंत राग उतरेल म्हटलं. दीड महिना होत आला, उतरलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

शैला आणि मी घाटकोपरच्या एकाच चाळीत वाढलो. तिचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. माझे सरकारी कचेरीत. लग्नं होऊन दोघी बोरिवलीला आलो, त्याही समोरासमोरच्या बिल्डिंगमध्ये, त्यामुळे आमची सुटका कधी झालीच नाही. शैलाचा नवरा लवकर गेला तेव्हा मानसी शाळेतही जात नव्हती. शैला पेढीवर लागली ती त्या वेळी. तिची कामाची रीत ठरलेली. जमिनीवर मांडी घालून बसायचं, मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि दागिना जेवढा व्हायचा तेवढाच काढायचा. केसभर मोठा नाही, केसभर लहान नाही. कारण कारागीर त्या कागदावरच मोती मांडून बघतो, सोन्याची तार वाकवून तिच्या रेघेवर ठेवतो. तार रेघेवर बसली की काम झालं. तिने काढलेल्या ठुश्या आणि तन्मणी घालून किती मुली बोहल्यावर चढल्या असतील, कोण जाणे... त्यांच्यापैकी एकीलाही तिचं नाव माहीत नाही, आणि त्याचं तिला कधी काही वाटलंही नाही. पेढीत तरी माहीत आहे ना, म्हणायची.

मग पेढीच्या मालकांचा मुलगा गादीवर आला आणि कागद बंद झाला. यापुढे डिझाइन फाइलमधून द्यायचं. शैलाला तो म्हणाला, “काकू, तुम्हाला कुठे जमणार हे? तुम्ही आता आराम करा, नवीन मुलांना मार्गदर्शन करा.” मार्गदर्शन म्हणजे काय, तर खुर्ची द्यायची आणि काम काढून घ्यायचं. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली ती चप्पलही न काढता. “सुमे, हात माझा, आणि जमणार नाही हे तो ठरवणार? कोण रे बाबा तू?” मी म्हटलं, चहा घे. तिने घेतला नाही. दुसऱ्या दिवशी मानसीचा टॅबलेट घेऊन बसली आणि आठवडाभरात त्यावर नथ काढली. इतकी देखणी, की मी बघतच राहिले. कारागिराकडे पाठवली, तर त्याचा फोन, “ताई, ही नथ मुंगीला घालायची आहे का?” झालं होतं असं, की दोन बोटांनी चित्र मोठं करत करत तिने आत इतकी नक्षी भरली, की नथीएवढं केल्यावर त्यातून तार काय, सुईसुद्धा जाईना. आयुष्यभर जेवढ्यास तेवढं काढणारी बाई, काचेने तिला फसवलं. ती स्वतःच खो खो हसली. पण मग म्हणाली, आता मला कळलं कसला कॉम्प्युटर हवा ते. काचेवरच पेनने काढता येईल आणि दागिना जेवढ्यास तेवढा दिसेल असा.

आणि सुरू झाली आमची वरात. प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न तोच. “आंटी, नातवासाठी ना? गेमिंग?” ती म्हणायची, “माझ्यासाठी.” की सेल्समन माझ्याकडे बघणार, जणू मी तिला फिरायला आणलंय. अंधेरीच्या एका दुकानात तर, “सरांना घेऊन या मॅडम, ते समजून घेतील,” असं ऐकवलं. “कुठले सर?” शैलाने इतक्या जोरात विचारलं की मागची दोन गिऱ्हाइकं वळली. मग ती पर्समधून डबी काढायची, डबीतून स्वतःच्या लग्नातली नथ, आणि ती सरळ स्क्रीनवर ठेवायची. तिच्या कडेने कॉम्प्युटरचं पेन फिरवायचं आणि नथ उचलून बघायचं, चित्र तेवढंच आलं का. “मॅडम, काच खराब होईल!” अरे, सोनं आहे ते, कुदळ नाही! मग पट्टी लावून तिरकी रेघ, अगदी सावकाश. “भराभर मारली की सगळीकडे सरळच येते रे. हळू मारून दाखव.” हळू मारली की बऱ्याच कॉम्प्युटरांवर ती रेघ थरथर कापायची. काहींवर पेनचं टोक इथे आणि रेघ तिथे, मध्ये काचेची जाडी. काहींवर तळवा टेकला की चित्र सरकायचं. दुकानदार वैतागायचे, मी ओशाळायचे, आणि ती शांतपणे नथ डबीत ठेवून, “चल गं, पुढचं बघू.”

शेवटी घाटकोपरला दोन उरले. एक मोठा, लॅपटॉपसारखाही चालणारा, सगळं काही करणारा. दुसरा त्याच्यापेक्षा लहान आणि हलका. दोन्हींवर रेघ नीट येत होती, पेढीला हवी तशी फाइलही होत होती. सेल्समन मोठ्याच्या मागे लागला. “प्रोफेशनल लोक हाच घेतात मॅडम.” शैला म्हणाली, “मग मी काय पापड लाटते?” आणि दुकानाच्या चकचकीत फरशीवर तिने बसकण मारली. मांडी घातली, मोठा मांडीवर घेतला. मॅनेजर धावत आला, “मॅडम, चेअर देतो ना!” “मी खुर्चीत बसून काम करत नाही,” म्हणाली, आणि काढत बसली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जात होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बऱ्याच वेळाने मान वर केली नि मला म्हणाली, “ह्या माका नको गो. मांडी भाजली.” मग लहान मांडीवर घेतला. त्याच्यावर काढता काढता तिचा चेहरा सैल झाला, तेव्हाच मी ओळखलं, हा घरी येणार.

त्याच्यावर तिने नथ केली. शेवटची. तेव्हा आजार कळला होता, पेढीवर जाणं बंद झालं होतं, पण फाइली जात होत्या. ही नथ तिच्या डोक्यात लग्नापासून होती म्हणे. “दिवसभर नथ घालून बाई मिरवते आणि घोटभर चहा प्यायला चार बोटांनी ती वर धरते. का म्हणून?” तिने मोत्यांचा झोक असा गालाकडे नेला की ओठ मोकळा राहिला. किती वेळा खोडलं, किती वेळा कारागिराकडून तारेची नुसती चौकट मागवून स्वतःच्या नाकाला लावून बघितली... हात सुजलेला असायचा, तरी. पेढीने ती केली, आणि गेल्या लग्नसराईत ती इतकी खपली की तिच्यासाठी काचेचं वेगळं कपाट ठेवलं. वर पाटी, ‘आमच्या डिजिटल टीमची निर्मिती’. शैला गेल्यावर मानसीने जाऊन विचारलं, पाटीवर आईचं नाव का नाही? उत्तर मिळालं, “ताई पेन्सिलीवाल्या होत्या ना. हे कॉम्प्युटरवरचं काम आहे.”

आता कळलं तो मेसेज का खुपला? कौतुक म्हणून जे लिहिलं, त्यानेच तिचं काम तिच्या हातून काढून घेतलं. बाई थोर, बाई जुन्या वळणाची, बाईने कॉम्प्युटरला हात लावला नाही. मग कॉम्प्युटरवरची नथ तिची कशी असेल? किती सोयीचं!

शोकसभेत मालकांचा मुलगा गहिवरून बोलला, पेन्सिलीचं एक युग संपलं वगैरे. मी उभी राहिले. म्हटलं, “त्या कपाटातली नथ शैलाची आहे. तिच्या कॉम्प्युटरवर, माझ्या डोळ्यांदेखत झालेली.” तो हळूच म्हणाला, “काकू, ही वेळ आहे का?” मी विचारलं, “मग कुठली? तिच्या वर्षश्राद्धाची?” कोणीतरी माझा हात धरून मला बसवलं. लोकांना वाटलं, मैत्रीण गेली, बिचारी सैरभैर झालीय.

गेल्या आठवड्यात पेढीचा माणूस मानसीकडे आला. डिझाइनच्या खोलीत ताईंचा फोटो लावायचाय. मानसीने मनोरी गावात काढलेला फोटो दिला. आम्ही सगळे तिथे एक दिवस राहायला गेलो होतो, बाकीचे समुद्रावर आणि ही पडवीत जमिनीवर बसलेली, मांडीवर तो कॉम्प्युटर, हातात त्याचं पेन, जीभ किंचित बाहेर. तो फोटो दोन दिवसांत परत आला. यात मशीन दिसतंय, शोभत नाही, पेन्सिल हातात असलेला एखादा द्या. मानसी म्हणाली, “नथीच्या पाटीवर आईचं नाव घाला, मग कुठला हवा तो न्या.” तो माणूस पुन्हा आलेला नाही. पाटीही तीच आहे, मी काल जाऊन बघून आले.

तो फोटो आता मानसीच्या हॉलमध्ये आहे, हार घालून. परवा तिच्या सासरच्या एक बाई भेटायला आल्या होत्या, मी तिथेच होते. त्यांनी फोटोला हात जोडले, जरा वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, “समोर बघत नाहीयेत गं त्या. दुसरा फोटो नाही का?”

“नाही,” मानसी म्हणाली. “आई कामात आहे.”