ट्यालिंगचं नाक आणि वाळलेली लिंडनची झाडं

आमच्या गॅस कंपनीला शंभर वर्षं झाली तेव्हा स्मरणिका काढायचं ठरलं, आणि टायपिस्ट म्हणून जुने कागद माझ्या टेबलावर येऊन पडले. कोळशापासून गॅस काढायच्या भट्ट्या, रस्त्यावरचे दिवे, पहिली गॅसची शेगडी, सगळं त्यांत होतं. ट्यालिंग पोस्टमा मात्र कुठेच नव्हता.

ट्यालिंग आमचा वास घेणारा. लोखंडी पहारीनं रस्त्याच्या कडेला भोक पाडायचं, गुडघे टेकायचे आणि नाक लावायचं. एकतीस वर्षं हेच काम. जमिनीखालचा गॅसचा नळ कुठे गळतोय ते तो दोन पावलांच्या आत सांगायचा.

मग शेजारच्या ग्रोनिंगन प्रांतात जमिनीतूनच गॅस निघाला. आमच्या भट्ट्या विझल्या, पण नळ तेच राहिले. नव्या गॅसला स्वतःचा वास नव्हता, म्हणून मुद्दाम एक उग्र वास मिसळत. तोही ट्यालिंगनं आठवड्याभरात ओळखीचा केला.

पुढच्या वसंतात कालव्याकाठची लिंडनची झाडं वाळायला लागली. आधी दोन, मग पाच. बागखात्यानं गॅस कंपनीकडे बोट दाखवलं. ट्यालिंगनं प्रत्येक झाडाशी भोक पाडून वास घेतला. काही नाही. मी टाइप केलं, "वास नाही." पंधरा दिवसांनी आणखी तीन झाडं गेली.

"लीस्बेथ, ह्याच्या खाली लिही, झाड मेलंय," तो मला म्हणाला.

आमचे इंजिनियर आल्टेनासाहेब वाचून वैतागले. "पोस्टमा, ही गॅस कंपनी आहे, रोपवाटिका नाही. वास येतो की नाही, एवढंच सांगा."

"येत नाही, साहेब."

"मग झालं की."

पण त्याचं समाधान होईना. आपलं नाकच गेलं असेल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्याची बायको फ्राउक्या हे मला हसत सांगायची, पण तिलाही काळजी वाटत होती. एका रविवारी तिनं त्याचे डोळे बांधले आणि नाकाशी एकेक वस्तू धरली. कॉफी, व्हिनेगर, लवंग घातलेलं चीज, मुलाचा मोजा. त्यानं सगळं बरोबर ओळखलं.

"नाक धडधाकट आहे की तुझं! आता गप जेव," ती म्हणाली.

"म्हणजे आणखीच वाईट," तो म्हणाला. "नाक गेलं असतं, तर निदान काहीतरी कळलं असतं."

सोमवारी दुपारी तो आल्टेनासाहेबांना अक्षरशः हाताला धरून कालव्यावर घेऊन गेला. मीही वही घेऊन मागोमाग गेले. अकराव्या झाडाशी त्यानं खोल भोक पाडलं. साहेब वाकले, मी वाकले. ओल्या मातीखेरीज कसलाच वास नव्हता. मग ट्यालिंगनं आम्हाला मागे सरकवलं आणि लांब काठीला बांधलेला पेटता बोळा भोकाशी नेला.

जमिनीवर वीतभर निळी ज्योत उभी राहिली. भर दुपारी, मेलेल्या झाडाच्या बुंध्याशी, शांतपणे जळत.

ट्यालिंगचा चेहरा पांढरा पडला होता. "पेटतोय," तो पुटपुटला, "आणि वास नाही?"

पुढे खोदकाम झालं तेव्हा उलगडा झाला. जुना गॅस ओलसर होता. नवा कोरडा, त्यानं नळांच्या सांध्यांत ठासलेला ताग वाळून सांधे सैल झाले होते. गळणारा गॅस मातीतून वर येईपर्यंत त्यात मिसळलेला वास माती शोषून घेई. आणि मुळांना हवा मिळेनाशी होऊन झाडं मरत. त्यानंतर चार वर्षं आमची माणसं सांधे बदलत होती.

ट्यालिंगला गॅस आहे की नाही ते काट्यानं दाखवणारं एक यंत्र मिळालं. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची माफीही मागितली. तो नम्रपणे "हो हो" म्हणाला, पण त्याच्या डोळ्यांतला गोंधळ काही गेला नाही. यंत्र घेऊन फिरताना तो मध्येच थांबे, आधी झाडाच्या शेंड्याकडे पाही, मग काट्याकडे, आणि कुणी बघत नसलं तर गुडघे टेकून वासही घेई.

स्मरणिकेत त्याच्यावर अर्धं पान द्यायचं मी साहेबांकडून कबूल करून घेतलं आणि त्याला विचारलं, "काय लिहू?"

हातातली टोपी फिरवत त्यानं उलट मलाच विचारलं, "माझं नाक बरोबर होतं ना?"

"होतं."

"आणि तरी मी चूक सांगत होतो."

"हो."

"मग तूच ठरव बाई, काय लिहायचं ते," तो म्हणाला, आणि यंत्र खांद्याला अडकवून कालव्याकडे गेला.