सिग्नल पडला की फोन

मैत्रिणीच्या घरी सून आली तेव्हा सोसायटीतल्या बायकांनी सासूला धीर दिला. खरं तर तो मला द्यायला हवा होता, कारण ही सून आगगाड्यांची वेडी निघाली.

वेड आमचं होतं, आम्हा दोघींचं. बोरीवलीत एकाच इमारतीत राहतो, ती खाली, मी वर. मुलं मार्गी लागल्यावर बाकीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, आम्ही फाटकांवर गेलो. रविवारी सकाळी गुजरातकडची गाडी पकडायची, आडबाजूच्या एखाद्या छोट्या स्टेशनावर उतरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ काढायचे. घरचे हसायचे. हसू देत.

आमचा खरा जीव होता अशाच एका स्टेशनाजवळच्या जुन्या सिग्नलवर. दिव्यांचा नव्हे, उंच खांब आणि वर लोखंडी लाल हात. तार खेचली की हात खट्‌दिशी खाली पडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी. पण सिग्नल वळणापलीकडे आणि फाटक अलीकडे, एकीला दोन्ही टिपता यायचं नाही. म्हणून ती सिग्नलपाशी थांबायची, मी फाटकापाशी. हात पडला की तिचा फोन यायचा, "पडला गं!" की मी व्हिडिओ सुरू करायचे. घरी तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही तुकडे जोडायचे. सिग्नल तिचा, गाडी माझी. त्या एका फोनसाठी मी उन्हात ताटकळायचे. नवऱ्याच्या फोनची एवढी वाट मी कधी पाहिली नाही.

मग सून बरोबर यायला लागली. तिपाई, मोठा कॅमेरा, वाऱ्याचा आवाज अडवणारा माइक, सगळा जामानिमा. बोलायला गोड. "मावशी, तुम्ही सावलीत बसा ना." मला सावलीत बसवणारी ही कोण? कधीतरी सासू-सुनेचं वाजेल म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. भाजीतल्या मिठावरून, निदान गीझर चालू राहण्यावरून. काही नाही! दोघी इंजिनांच्या भोंग्यांवर तासन्‌तास बोलायच्या आणि मी खिडकीतून बाहेर बघायचे. जळत होते, सरळ सांगते.

अशात कळलं की तो सिग्नल काढणार, तिथे दिवे बसणार. शेवटचा व्हिडिओ करायला तिघी गेलो. "तुम्ही दोघी फाटकावर थांबा," म्हणून मैत्रीण नेहमीसारखी वळणाकडे चालू लागली. मी फाटकाला खेटून उभी राहिले. सुनेनं माझ्या मागे तिपाई लावली. फाटक बंद झालं, रिक्षा थांबली, दूधवाल्यानं मोटरसायकल बंद केली. मी फोन मुठीत धरून वाट बघत होते.

फोन वाजला. माझ्या मागे.

"हो आई, घेते," सून म्हणाली. मग मला, "मावशी, पडला."

गाडी आली. मीही फोन वर धरला, पण घरी येऊन पाहिलं तर त्यात नुसतं आभाळ आणि डब्यांची टपं.

तेव्हा टेबलावर सुनेचाच तुकडा जोडला गेला. सिग्नलचा हात पडला, वळणावरून इंजिन आलं. झकास होतं, नाही कशाला म्हणू? आणि एका कडेला, थांबलेल्या माणसांत, मी. सगळे गाडीकडे बघताहेत. मी एकटी गाडीकडे पाठ करून कॅमेऱ्यामागच्या तिच्याकडे बघतेय. चेहरा असा, की दूध नासावं.

मैत्रिणीनं व्हिडिओ थांबवला. आधी स्क्रीनवरच्या मला पाहिलं, मग समोर बसलेल्या मला. "अगं, तुझा फोन लागतच नव्हता," एवढं खोटं जरी ती बोलली असती, तरी मी खरं मानलं असतं.

"मावशीपण आल्यात बघा," सून खूश होऊन म्हणाली. "राहू दे ना, आई?"

"नको. ती कड काप."

तिनं माझी लाज राखली, हे मला कळलं. सुनेनं स्क्रीनवरून बोट सरकवलं. रिक्षा राहिली, दूधवाला राहिला, मी गेले.