द्वारकेचे प्रश्न, सरांचं मानपत्र

प्रश्न विचारायला उभी राहिली की द्वारका आधी वेणीचं टोक तोंडातून बाहेर काढायची, ते फ्रॉकला पुसायची आणि मग विचारायची. वेणी तोंडातून निघाली की मराठीच्या सरांच्या कपाळाला आठी पडायची आणि आम्ही बाकीच्या पोरी कान टवकारून बसायचो. परतूरजवळच्या आमच्या गावात पाचवीचा वर्ग म्हणजे पत्र्याची एक खोली. सरांचं नाव मी इथे लिहिणार नाही. आदर म्हणून नव्हे. ते नाव माझ्या हातून एकदा छापून झालंय, तेवढं पुरे.

एकदा सरांनी फळ्यावर समानार्थी शब्द लिहिले. पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय. द्वारका उठली. “सर, पाण्याला इतके शब्द कोणी केले? ज्यांच्याकडं पाणी लई व्हतं त्यांनी, का ज्यांच्याकडं नव्हतं त्यांनी?” गावात तेव्हा आठ दिवसांनी टँकर यायचा. सर म्हणाले, आगाऊपणा नको, पाठ कर. ती म्हणाली, पाठ झालेत सर, म्हणून तर विचारून राह्यले. सरांनी तिला तासभर उभं केलं. ती उभी राहिली, पण खिडकीतून बाहेर बघत विचार करत राहिली. शिक्षा चाललीय असं तिला वाटतच नसावं.

दुसऱ्यांदा प्रगतिपुस्तकावरच्या सहीवरून झालं. तिचा बाप ट्रक घेऊन शहागडकडे गेला तो परत आलाच नाही. आई आधीच वारलेली. मावशीने सांभाळलं, दुसऱ्याच्या रानात कापूस वेचून. मावशीचा अंगठा पाहून सर म्हणाले, पालकाची सही आण. द्वारकेने विचारलं, “पाळणाऱ्याला पालक म्हणत्यात ना सर? मंग जो पाळत न्हाई त्याची सही काहून लागती?” सरांनी पुस्तक तिच्या अंगावर भिरकावलं. तिने ते उचललं, दुमडलेलं पान सरळ केलं आणि जागेवर बसली.

ती उद्धट होती असं आजही गावात कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं हो! घरी जाताना मला म्हणायची, “येत नसंल तर येत न्हाई म्हणावं की. त्यात काय जातंय?” सरांचं त्यात फार जात होतं. नवीन नोकरी, कडक इस्त्रीची पँट, आणि समोर अर्ध्या वेणीची पोर. शिकवायला बसलेल्या माणसाने इतकं घाबरू नये.

त्या वर्षी सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला आमच्या वर्गातून पाच मुलं बसवायची होती. पास झालं की बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. द्वारकेला गावाबाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती आणि हे तिला दहाव्या वर्षी पुरतं ठाऊक होतं. सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात पाच नावं लिहिली. तिसरं तिचं. ती रोज येऊन ते नाव आहे का बघायची.

मग एक दिवस संस्थेचे अध्यक्ष आले. मोठा माणूस, कापसाच्या जिनिंग मिलचा मालक. भाषणात म्हणाले, ही मुलं गरीब असली तरी हुशार आहेत. द्वारकेने वेणी तोंडातून काढली. मी तिचा फ्रॉक खाली ओढला, पण ती उठलीच. “साहेब, श्रीमंत असला तरी हुशार, असं म्हणत्यात का कुठं?” अध्यक्ष मोठ्याने हसले. त्यांना राग आला नव्हता. राग आला तो सरांना, कारण अध्यक्ष त्यांच्याकडे बघून हसले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांदेखत तळहाताने तिसरं नाव पुसलं आणि तिथे नवीन नाव लिहिलं. ते नाव माझं होतं, मंगल. द्वारकेने उभं राहून विचारलं, “माझं नाव काहून पुसलं सर?” त्या एकाच प्रश्नाला सरांनी लगेच उत्तर दिलं. म्हणाले, आता कळेल कुठं काय बोलावं ते. मी खाली मान घालून बसले. घरी आईने साखर वाटली.

मी परीक्षा पास झाले, गाव सोडलं, शिकले, जालन्यात सरकारी नोकरीला लागले. द्वारका दहावीनंतर लग्न होऊन परतूरला गेली. आज तिचं तिथे ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पोरापोरींच्या शाळेचे, कॉलेजचे फॉर्म ती भरते आणि एकही फॉर्म परत येत नाही असा तिचा लौकिक आहे. मी मात्र तीस वर्षं तो तळहात विसरले नाही. मी विसरणारी बाईच नाही. जुन्या जालन्यातल्या ज्या दुकानदाराने माझ्या लग्नात रंग जाणारं कापड दिलं, त्याच्या गल्लीतून मी अजून जात नाही. मग सरांना कशी सोडीन?

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. जुन्या विद्यार्थ्यांनी सेवापूर्तीचा सोहळा ठरवला आणि मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं, तुझं मराठी चांगलं म्हणून. मला हसू फुटलं. मानपत्र कोणी आधी वाचत नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कार्यक्रम ठरवणाऱ्याने फक्त एवढंच विचारलं, सरांचं नाव बराबर टाकलं ना, पदव्या टाकल्या ना. टाकल्या म्हटलं. बाकी सगळं मी माझ्या मनचं लिहिलं. जाड कागद, सोनेरी वेलबुट्टी, काचेची फ्रेम. जन्मभर बैठकीत टांगायची वस्तू. द्वारकेला मी आग्रहाने बोलावलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं.

सर फेटा बांधून, अंगावर शाल, मांडीवर नारळ घेऊन बसले होते. मी माइकसमोर सावकाश वाचलं. पाण्याचे शब्द वाचले. मावशीचा अंगठा वाचला. “आपण द्वारका नावाच्या हुशार मुलीचं नाव यादीतून स्वतःच्या हाताने पुसलंत, कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नव्हतं.” इथे मी थांबले आणि लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. सरांच्या बायकोनेही वाजवल्या. मानपत्र ऐकतो कोण, सगळ्यांचं लक्ष जेवणाकडे. पण सर ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला, मांडीवरचा नारळ घरंगळला तरी त्यांनी धरला नाही. फोटोवाल्याने आम्हा दोघांना फ्रेम धरून हसायला सांगितलं. मी मनापासून हसले. इतकं गोड मला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

जेवणाच्या मांडवात द्वारका ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. आता ती शाबासकी देईल, कदाचित डोळ्यांना पदर लावील, म्हणून मी वाट बघत होते. तिने वरणात पोळी कुस्करली.

“चांगलं लिवलंस मंगल. एक इचारू?”

“विचार की.”

“माझ्या जागी कोणाचं नाव लिवलं, ते काहून न्हाई वाचलंस?”

मी म्हटलं, एका पानात सगळं बसत नाही, जागा नव्हती.

“एका नावाला किती जागा लागती?” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. उत्तरासाठी ती घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

आणि मला तिचा राग आला. तीस वर्षं सरांवर धरला नसेल इतका, अंगाची लाही करणारा राग. हिच्यासाठी एवढं केलं, भर सभेत एका म्हाताऱ्याची अब्रू काढली, आणि ही मलाच विचारते? तिथे फळा असता, त्यावर तिचं नाव असतं, तर मी ते तळहाताने पुसून टाकलं असतं.