दाजींची रोमवरची स्वारी

रोमचं साम्राज्य कुणी बुडवलं याबद्दल इतिहासकारांचं काय म्हणणं असेल ते असो, पण ते चार वर्षं कुणी टिकवलं हे मला पक्कं ठाऊक आहे. ते आमच्या दाजींनी टिकवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशन मास्तर, मुक्काम पूर्णा. गंमत अशी की दाजी रोमच्या बाजूचे नव्हतेच. ते रोमच्या हाडवैऱ्याचे, कार्थेजचे सर्वेसर्वा होते, हत्ती-घोडे घेऊन रोमवर चालून गेले होते, आणि ही सगळी धामधूम त्यांच्या पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर चालू होती.

कॉम्प्युटर मूळचा त्यांच्या मुलाचा. तो पुण्यात नोकरीला लागला, लॅपटॉप घेऊन गेला, आणि हा जुना डबा त्यातल्या प्राचीन युद्धाच्या खेळासकट इथेच राहिला. निवृत्तीनंतर दाजी दिवसातून तीनदा स्टेशनवर जाऊन कुणी न विचारता सल्ले देऊ लागले, तेव्हा मुलाने एका दिवाळीत शेजारी बसून त्यांना हा खेळ शिकवला. त्याच दिवाळीत त्याने आईबाबांनी आता पुण्याला राहायला यावं असा विषय काढला. अक्काचे दोन्ही गुडघे गेलेले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलेलं, ते पुण्यात करून पुढे तिथेच राहणं सगळ्यांच्या सोयीचं. दाजींनी स्क्रीनवरची नजर न काढता शब्द दिला, "रोम घेतो, मग येतो." मुलाने कॉलेजात असताना हाच खेळ तीन आठवड्यांत संपवला होता. तो निर्धास्त होऊन गेला.

त्याने आपल्या बापाला ओळखलं नव्हतं. दाजींनी युद्धाला सुरुवात केली ती वेळापत्रकापासून. सकाळी आंघोळ, पूजा, इस्त्रीचा शर्ट, आणि नऊच्या ठोक्याला कॉम्प्युटरसमोर हजर. चतुर्थीला लढाई बंद. कुठली फौज कुठल्या गावी कधी पोचणार हे वहीत आधीच लिहिलेलं असे आणि शेवटच्या रकान्यात उशिराचं कारण. एकदा वादळामुळे त्यांची जहाजं अडकली, तर त्यांनी आरमाराच्या प्रमुखाकडून लेखी खुलासा मागवला, म्हणजे प्रश्नही स्वतःच लिहिले आणि खुलासाही. तो त्यांना समाधानकारक वाटला नाही. लढाईतून पळून आलेल्या एका सेनापतीला तर वाळवंटातल्या किल्ल्यावर पाठवून चार वर्षं तिथेच ठेवलं. अक्काने भाजी निवडता निवडता त्याची बाजू घेतली, त्याला बायकापोरं असतील म्हणाली, पण बदली रद्द झाली नाही.

हळूहळू गावालाही त्याची सवय झाली. कटिंगच्या दुकानात दाजींच्या मानेवर वस्तरा ठेवून न्हावी विचारायचा, "साहेब, हत्ती कुठवर आले?" आणि दाजी मान न हलवता आल्प्स पर्वताची अडचण समजावून सांगायचे. चहाच्या टपरीवर रोमच्या सरदाराबद्दल असं बोललं जाई, की ऐकणाऱ्याला वाटावं शेजारच्या तालुक्यातला कुणी बिलंदर माणूस आहे. ताडकळसहून लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेल्या एका पाहुण्याला दाजींनी तासभर नकाशा दाखवला. तो बिचारा पत्रिका न देताच उठून गेला, आणि लग्नाला का आला नाहीत म्हणून पुढे आमच्यावरच रुसला.

पण दाजींचा खरा घोटाळा वेगळाच होता. त्यांचं सगळं आयुष्य एकेरी लाईनवर गेलेलं. समोरून गाडी येत असली की आपली गाडी बाजूच्या रुळावर उभी करायची, समोरची निघून गेली की मग आपली सोडायची. चौतीस वर्षं माणसाने हेच केलं, दोन गाड्या समोरासमोर येऊ दिल्या नाहीत. आणि आता त्यांच्या हाती असा खेळ आला होता, ज्यात दोघांना समोरासमोर आणणं हेच काम. एकदा डोंगरातल्या खिंडीत त्यांची मोठी फौज निघाली असताना समोरून रोमची फौज आली. दाजींनी सवयीने आपली फौज बाजूला घेतली आणि रोमला जाऊ दिलं. रोमची फौज तडक गेली आणि तिने दाजींचं मागचं शहर ताब्यात घेतलं. मी कपाळावर हात मारला. दाजी मात्र शांत होते. "शहर गेलं तर गेलं," ते म्हणाले, "टक्कर तर झाली न्हाई ना."

असं असूनही रोम हटत गेलं, हे कार्थेजचं नशीब. गेल्या उन्हाळ्यात मी परभणीहून चार दिवस राहायला गेलो, तेव्हा दाजींचा रोम शहराला वेढा पडलेला होता. आतलं धान्य संपलेलं, तट फुटलेला, फक्त हल्ला करायचा बाकी. मी खुर्ची ओढून बसलो. दाजींनी चष्मा पुसला, नकाशा नीट पाहिला, आणि हत्ती दमले आहेत असं सांगून अख्खी फौज समुद्रापर्यंत मागे घेतली. दुपारी ते झोपल्यावर मी जुने डाव उघडून पाहिले. रोमचा वेढा त्यांनी एकदा नव्हे, एकोणीस वेळा घातला होता आणि एकोणीस वेळा उठवला होता.

मला भयंकर संताप आला. आत अक्का ओट्याला धरून स्टुलावरून उठत होती, आणि एवढं करायलाही तिला दोनदा थांबावं लागत होतं. दाजी उठल्याबरोबर मी त्यांना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"कवाच पडलं असतं," ते म्हणाले. "पर पुण्यात नवव्या मजल्यावर मी काय करू, सांग. तिथं गाडीचा आवाजबी येत न्हाई. इथं आवाजावरनं मला कळतंय कोणती गाडी हाय अन् किती लेट हाय."

त्यांची दया आली, पण मी थांबलो नाही. अक्का आदल्या संध्याकाळी मुलाशी फोनवर काय बोलत होती ते मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. मुलगा ऑपरेशन लवकर करा म्हणून मागे लागला होता, तर ती म्हणाली होती, "त्यांचं रोम होऊ दे रे बाबा. माझे गुडघे काय पळून जायलेत का?"

दाजी त्या संध्याकाळी फिरायलाही गेले नाहीत. ती चार वर्षं त्यांना वाटत होतं की आपली लबाडी घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि अक्का ती सांभाळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. दाजी तरीही नऊला बसले. फौज पुन्हा रोमच्या तटाशी आणली, हल्ल्याचा हुकूम दिला आणि डोळे गच्च मिटून घेतले. स्पीकरमधून आरडाओरडा, हत्तींचं ओरडणं, मग तुताऱ्या. तुताऱ्या थांबल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"अगं, रोम झालं," त्यांनी आत हाक दिली. "पोराला फोन लाव. ऑपरेशनची तारीख घे म्हणावं."

अक्का भिंतीला धरत धरत बाहेर आली. जळणाऱ्या शहराकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता तरी हिचा चेहरा खुलेल. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "एवढी घाई कशाला केलीत? अजून पावसाळाभर तरी पुरलं असतं की."

दाजींनी कॉम्प्युटर बंद केला आणि माळ्यावरच्या बॅगा काढायला उठले. मला त्या दोघांचाही राग आला होता आणि त्या दोघांना तिथे सोडून परभणीची गाडी धरणं माझ्या जिवावर आलं होतं. मी स्टूल धरून उभा राहिलो. दाजी एकेक बॅग खाली देत होते, आणि अक्का प्रत्येक बॅगेवरची धूळ अगदी सावकाश झटकत होती.