डावखुऱ्याची बंदूक

आमचे अर्बाब, म्हणजे इकडच्या अरबी बोलीत मालक, सही उजव्या हातानं करायचे, कॉफीचा कप उजव्या हातानं धरायचे आणि रागावले तर टेबलावर आपटायचा हातही उजवाच. बंदूक मात्र त्यांनी डावखुऱ्या माणसाची मागवली. एकामागोमाग एक गोळ्या सुटणारी, सेमी-ऑटोमॅटिक, डोंगरात तितर मारायला नेतात तसली. ती आली त्या दिवशी त्यांनी पेटी उघडून मला दाखवली. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, चिंचवडला वाढलेला. रिकामं काडतूस बाहेर पडायची खिडकी डावीकडे आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं. म्हटलं, अर्बाब, कंपनीनं चुकीचा पीस पाठवला, मेल टाकू का?

ते म्हणाले, "बाद में समझेगा."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. अल क्वोजला त्यांचं पाइप-फिटिंग्जचं गोदाम होतं आणि मी तिथला मॅनेजर. माल का थांबवला, अमक्याची ऑर्डर का घेतली नाही, भर उन्हाळ्यात गोदाम निळं का रंगवायचं, काहीही विचारलं की बाद में समझेगा. गोदाम निळं का, ते मला अजून समजलेलं नाही. हिंदी त्यांची मुंबईची. लहानपणी वडिलांबरोबर तिथं राहिले होते, आणि ट्रकवाल्यांशी वाद वाढला की मध्येच "गप बस" म्हणायचे. आमच्या भाषेतले तेवढे दोनच शब्द त्यांना येत. वापरायचे अगदी बरोबर ठिकाणी.

बंदुकीचा परवाना त्यांचा, त्यामुळे क्लबाबाहेर ती इतर कुणाच्या हातात एकटी जात नसे. पण बरोबर जायला त्यांना कुणीतरी लागायचं, आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणाले की मी गाडीत बसायचो. कधी बंदुकांच्या दुकानात, कधी वाळवंटातल्या शूटिंग क्लबात. तिथं हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्या फोडायच्या असतात. अर्बाब बंदूक उजव्या खांद्याला लावायचे, आणि रिकामं काडतूस डावीकडच्या खिडकीतून सुटून नेमकं त्यांच्या नाकासमोरून जायचं. दर वेळी ते दचकायचे. दर वेळी चकती सुटून जायची. मग खूश होऊन म्हणायचे, बंदूक चांगली आहे.

दुकानातला कारागीर तर माझ्याहून गोंधळलेला. अर्बाब बुटके, आणि दस्ता त्यांना लांब हवा. तो सांगायचा की एवढा लांब दस्ता तुमच्या खांद्याला नीट टेकणारच नाही. अर्बाब म्हणायचे, टेकेल. दिवसभर डोंगर चढायचा तर वजन कमी पाहिजे, म्हणून नळी हलकी घेतली. धक्का कमी बसावा म्हणून दस्त्याला मऊ रबर लावलं. चाप अडकवून ठेवायचं बटणही डावखुऱ्याच्या बोटाला सोपं जाईल असं उलटं बसवून घेतलं. लांबी काय, बटण काय, दोन्ही स्वतःच्या अंगाविरुद्ध. घरी मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, वय झालं की माणसं करतात असं काहीबाही.

शेवटी कासीमभाईंनी सांगितलं. दापोलीकडचे कासीमभाई आमच्या गोदामातले सगळ्यात जुने, अर्बाबांच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी बंदुकीचं कोडं त्यांच्यापुढे मांडलं तर त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"अरे, ती काय स्वतःसाठी घेतलीये होय त्यांनी? सालेमसाठी घेतलीये. धाकटा भाऊ. डावखुरा."

सालेम नावाचा भाऊ आहे हेच मला ठाऊक नव्हतं. कासीमभाई म्हणाले, तरुणपणी दोघं वडिलांच्या एकाच बंदुकीनं शिकारीला जायचे. ती उजव्या हाताची, म्हणून काडतुसं सालेमच्या तोंडासमोरून जायची आणि मोठा भाऊ हसायचा. मग कधीतरी बोलणं बंद झालं. कशावरून, ते मी विचारलं. कासीमभाई म्हणाले जमिनीवरून. ड्रायव्हर म्हणाला बहिणीच्या लग्नावरून. अर्बाबांच्या मुलानं सांगितलं की एक उंट होता, त्यावरून. तिघंही अगदी खात्रीनं सांगत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अर्बाबांनी मला सालेम साहेबांकडे रास अल खैमाला पाठवलं. निरोप असा की क्लबात एक बंदूक ठेवलेली आहे, येऊन चालवून बघा. पण निरोप अर्बाबांचा आहे असं सांगायचं नाही. मी विचारलं, मग कुणी सांगितलं म्हणू? ते म्हणाले, बाद में समझेगा.

सालेम साहेब अंगणात बसले होते. पाठीत वाकलेले, बारीक, डाव्या हातात तसबीहची माळ. मी निरोप सांगितला. त्यांनी विचारलं, कुणी पाठवलं? मी कॉफीच्या किटलीकडे बघितलं. त्यांनी मला खजूर दिले, कॉफी दिली आणि म्हणाले की आपल्याकडे बंदूक आहे, दुसरी नको. मी परत येऊन तसंच सांगितलं. अर्बाब म्हणाले, खलास, संपलं.

पण पुढच्या आठवड्यात क्लबातून कळलं की सालेम साहेब येऊन गेले. आणि मला त्यांचा व्हॉइस मेसेज आला. सलाम नाही, नाव नाही. दस्ता लांब आहे, खांद्याला अडतो, एवढंच. मी तो अर्बाबांना ऐकवला. त्यांनी परत लावायला सांगितला. मग परत. मग म्हणाले, "वो लंबा आदमी है. मेरे को पता है. उसको बंदूक पकड़ना नहीं आता, ऐसा बोल."

तो सगळा हिवाळा मी निरोप्या झालो. तिकडून यायचं, गाल टेकतो तिथं लाकूड उंच आहे. इकडून जायचं, मान सरळ ठेव. तिकडून, चाप जड आहे. इकडून, तुझं बोट म्हातारं झालं. तरी प्रत्येक तक्रारीनंतर अर्बाब मला घेऊन दुकानात जायचे आणि कारागिराकडून तेवढं बदलून घ्यायचे. लाकूड घासलं, चाप हलका केला, दस्त्याच्या मुळाशी पातळ चकती घालून तो किंचित वळवला. फक्त लांबीला हात लावू दिला नाही. तिथं ते ऐकायलाच तयार नव्हते.

मग एका शनिवारी दोघं क्लबात समोरासमोर आले. ठरवून की चुकून, ते मला माहीत नाही. वाटलं, आता गळाभेट होईल, नाहीतर भांडण तरी होईल. अर्बाब नुसते बघत राहिले. सालेम साहेबांचा वाकलेला खांदा, बारीक झालेली मान, सगळीकडे त्यांची नजर फिरली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले,

"दस्ता काटने को बोल."

हे ऐकून सालेम साहेब भडकले. म्हणाले, कापायचा नाही, बरोबर आहे लांबी. ज्यांनी हिवाळाभर त्याच लांबीवरून माझं डोकं खाल्लं, ते! अर्बाब म्हणाले कापायचाच. दोघं अरबीत जे सुरू झाले ते दुपारपर्यंत. मला कळत होते ते शब्द लाकूड, रबर, खांदा एवढेच. जमीन नाही, बहीण नाही, उंट नाही. अखेर दस्ता थोडा कापायचा ठरलं, दोघांनाही पसंत नाही इतका.

घरी बायको वाटच बघत होती. बोलले का, म्हणाली. म्हटलं, बोलले. काय बोलले? दस्त्याबद्दल. मुलीनं फोनमधून डोकं वर न काढता विचारलं, "सो आर दे फ्रेंड्स नाऊ ऑर नॉट?"

पुढच्या मोसमात ते दोघं मोरोक्कोच्या डोंगरात शिकारीला गेले. परत आल्यावर अर्बाब म्हणाले की सालेम फार हळू चालतो. सालेम साहेबांनी मला मेसेज पाठवला की तुझा अर्बाब इतकं बोलतो की तितर आधीच उडून जातात. शिकार किती झाली, ते दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही. बंदूक परवान्यासकट सालेम साहेबांच्या नावावर झाली. पण म्हणून ते दोघं एकमेकांना फोन करू लागले असं नाही. निरोप माझ्यामार्फतच.

उन्हाळ्यात अर्बाब गेले. दुपारी ऑफिसातून घरी गेले, आडवे झाले, आणि उठलेच नाहीत. मुसलमानी रिवाजाप्रमाणे दफन त्याच संध्याकाळी झालं. आम्ही सगळे गोदामवाले गेलो होतो. सालेम साहेब पहिल्या रांगेत होते. मी लांबून पाहिलं, ते रडत नव्हते. माती दिल्यावर डावा हात कितीतरी वेळ झटकत राहिले.

काही आठवड्यांनी ते ऑफिसात आले. अर्बाबांच्या खुर्चीत बसले नाहीत, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले. चहा घेतला. मग विचारलं, "तेरे को उसने कभी बताया, वो मेरे से बात क्यों नहीं करता था?"

मी चक्रावलो. म्हटलं, तुम्हाला माहीत नाही? ते म्हणाले, आपल्याला वाटलं होतं, तुला सांगितलं असेल. तू रोज त्याच्याबरोबर होतास. मग मी ऐकलेलं सगळं सांगून टाकलं. जमीन म्हटली, त्यांनी नकारार्थी मान हलवली. बहिणीचं लग्न म्हटलं, तरी हलवली. उंट म्हटल्यावर मात्र हसले आणि म्हणाले, उंट तर त्याचाच होता. हसता हसता डोळे पुसले आणि खिडकीतून एकदा निळ्या भिंतीकडे बघून उठले.

निघताना मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेलो. एक पायरी उतरून ते थांबले, डाव्या हातानं खांदा चाचपला आणि नेहमीच्या तक्रारीच्या आवाजात म्हणाले, "उसको बोल, दस्ता अभी भी आधा उंगली लंबा है."

हे ते भानावर राहून म्हणाले की सवयीनं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"सांगतो," मी म्हटलं. मराठीतच.