एनिड गार्बट आणि बी पेरायची नळी

एनिड गार्बट टॅनर्स हिलच्या बागांमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हातात ना कुदळ होती ना झारी. होता एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात स्क्रू. सगळ्या मापांचे, कागदाच्या पुड्यांत बांधलेले, वर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. नव्या शेजाऱ्यांकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तिनं प्रत्येकाला एकेक पुडी दिली. मला मिळालेल्या स्क्रूंवर माझ्या खोपट्याचं दार अजून उभं आहे.

हे सत्त्याण्णव सालातलं. मी इंग्लंडातल्या स्टॉकटनच्या इस्पितळात तेवीस वर्षं नर्स म्हणून काढली होती आणि नगरपालिकेकडून बागेचा एक तुकडा भाड्यानं घेतला होता, खरं सांगायचं तर मेथीसाठी. माझं नाव कुमुद, पण इथं ते 'कुमू'च्या पुढं कधी गेलंच नाही. माझ्या शेजारचा तुकडा एनिडचा, आणि तिच्या पलीकडचा कथबर्ट रडचा. कथबर्ट पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बागांचा सेक्रेटरी. लीकच्या, म्हणजे कांद्याच्या जातीच्या लांब भाजीच्या, स्पर्धेत दरवर्षी पहिला यायचा. मांडीएवढे जाड लीक काढायचा आणि जगातलं सगळं आपल्याला माहीत आहे असं मानायचा.

एनिडनं पंधराव्या वर्षी हाय स्ट्रीटवरच्या हार्डवेअरच्या दुकानात काम धरलं, ते दुकान बंद होईपर्यंत. पन्नास वर्षं एकाच काउंटरमागं. पुरुष गिऱ्हाइकं आत येऊन विचारायची, "कोणी पुरुषमाणूस नाही का दुकानात?" ती म्हणायची, "आहे की. आत चहा पितोय. पण तोही मलाच विचारायला येईल." लग्न केलं नाही. आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आणि एक नाद लावून घेतला: जी वस्तू विकायची ती पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आली, ते शोधून काढायचं. माल घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांना ती छळायची, लायब्ररीत जाऊन बसायची. कपड्याचा चिमटा असो की थर्मास, एनिडकडे त्याची गोष्ट असायचीच.

शनिवारी अकरा वाजता आम्ही सगळे मोठ्या खोपट्यात चहाला जमायचो. पहिल्याच शनिवारी एनिडनं कप खाली ठेवला आणि विचारलं, "सांगा बघू, आधी काय आलं? पत्र्याचा बंद डबा, की तो फोडायचं ओपनर?"

"हा काय प्रश्न झाला?" कथबर्ट म्हणाला. "दोन्ही एकाच दिवशी. ओपनर नसताना डबा कोण मूर्ख करील?"

"आपल्याच लोकांनी केला. ओपनर त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलं."

"आणि तोवर काय, डब्याकडं नुसतं बघत बसायचे?"

"छिन्नी आणि हातोडी. डब्यावरच लिहिलेलं असायचं तसं. सैनिक तर संगिनीनं फोडायचे."

"थापा मारू नकोस."

"लायब्ररी सोमवारी उघडते. हरलास तर सगळ्यांचे कप धुशील?"

पुढच्या शनिवारी कथबर्ट आला, चहा प्यायला आणि सगळे कप गोळा करून नळाखाली उभा राहिला. मी हळूच विचारलं, "किती वर्षं निघाली?"

"पंचेचाळीस," तो गुरगुरला. "चाळीस नव्हे. तिचंही चुकलंच."

त्या दिवसापासून दर शनिवारी एनिडचा एक प्रश्न ठरलेला. गवत कापायच्या यंत्राची कल्पना कुठून आली? कापड गिरणीतून. लोकरी कापडावरचे तंतू कातरायचं यंत्र बघून एकाला वाटलं, हे हिरवळीवरही चालेल. काचेच्या पेटीत झाडं वाढवायचं कुणाला सुचलं? लंडनच्या एका डॉक्टरला. त्यानं बंद बाटलीत किड्याचा कोश ठेवला होता. किडा राहिला बाजूला, मातीतून फर्न उगवलं. आमच्या गावच्या वॉकरचा तर तिला फार अभिमान. काडेपेटीतली घासून पेटणारी काडी त्यानं केली, इथंच, आपल्या औषधाच्या दुकानात. आणि त्यानं तिचा हक्क नोंदवायला साफ नकार दिला.

"वेडाच म्हणायचा," कथबर्ट म्हणायचा.

"वेडा नाही. त्याचं दुकान चाललं होतं, त्याला रात्री शांत झोप येत होती. अजून काय पाहिजे माणसाला?" एनिड म्हणायची.

दोन वर्षं अशी मजेत गेली. मग फेब्रुवारीत एनिड बर्फावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. गुडघा आधीपासूनच कुरकुरत होता, त्यात हा हात. ब्रॉड बीन्स, म्हणजे मोठ्या दाण्यांचा घेवडा, पेरायचे दिवस आले होते, आणि वाकून एकेक बी खोचणं तिला शक्यच नव्हतं. मी म्हटलं, मी पेरते. ती म्हणाली, "तुझ्या ओळी बघितल्यात मी, कुमू. साप गेल्यासारख्या असतात." पण ते म्हणतानाही ती हसली नाही. तिला तशी बसलेली मी तेव्हाच पाहिली. खिडकीशी खुर्ची, मांडीवर तो पांढरा हात.

एका सकाळी मी तिच्याकडं वरण घेऊन गेले. ती डाव्या हातानं व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होती आणि तो काही ओढत नव्हता. "तुंबलाय मेला," म्हणून तिनं त्याची लोखंडी नळी काढली, काखेत धरली आणि उभी करून झटकली. आत खडखड झालं आणि खालच्या टोकातून एक बटण टपकलं. तिच्या हिरव्या कोटाचं, नाताळापासून हरवलेलं. नळीच्या टोकाखाली नेमक्या जागी पडलं आणि तिथंच राहिलं.

एनिड त्या बटणाकडं बघतच राहिली. मग नळीकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"कुमू, कोट घाल."

"अगं, वरण गार होईल."

"होऊ दे."

अर्ध्या तासात आम्ही बागेत होतो. एनिडचा प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या काखेत व्हॅक्यूमची नळी, खिशात बिया. तिनं नळीचं टोक मातीत दाबलं, वरून एक बी सोडली. टण टण टण करत बी खाली गेली. नळी उचलली, बुटानं माती सारली, एक पाऊल पुढं. पुन्हा नळी, पुन्हा बी. कंबर सरळच्या सरळ.

कथबर्ट कुंपणाशी येऊन उभा राहिला. "काय गं, आता माती झाडून काढतेस की काय? पडदेही लावणार का?"

"लावीन. तू तुझं काम कर."

दुपारपर्यंत दोन लांब ओळी झाल्या. ती चहाला गेल्यावर कथबर्टनं इकडंतिकडं बघितलं, खिशातून दोरी काढली आणि ओळीवर ताणून धरली. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं.

"अंगठ्याइतकीही वाकडी नाही," तो नाइलाजानं म्हणाला. "तिला सांगू नकोस."

मी अर्थातच सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला तो तेव्हा. पुढच्या शनिवारी कथबर्ट स्वतःच पावसाच्या पाण्याच्या पाइपाचा तुकडा घेऊन आला, त्याला वर भांडी घासायच्या साबणाच्या बाटलीचं उलटं तोंड बसवलेलं, म्हणजे बी टाकताना नेम धरायला नको. एप्रिल संपेपर्यंत टॅनर्स हिलवर प्रत्येकाच्या हातात कसली ना कसली नळी होती. वाटाणे, बीट, मका, सगळं उभ्यानं पेरलं गेलं. ज्यांनी कंबरेपायी बाग सोडायचं ठरवलं होतं त्यांतले दोघे राहिले.

सप्टेंबरात लीकचं प्रदर्शन असतं, आणि बक्षिसं जाहीर व्हायच्या आधी नदीपलीकडच्या मिल बेकच्या बागांशी आमची प्रश्नमंजूषा. विषय त्या वर्षी होता घरातल्या वस्तूंचे शोध. आमच्याकडून एनिड, कथबर्ट आणि मी. त्यांचा पुढारी विल्फ हार्कर, निवृत्त पोस्टमन, गोड माणूस. बक्षीस म्हणून टेबलावर हा भलाथोरला फ्रूटकेक. प्रश्न विचारायला लायब्ररीतल्या सोवर्बीबाई.

सामना अटीतटीचा झाला. व्हॅक्यूम क्लीनरच्या शोधकर्त्यानं काय करून बघितलं होतं, असा प्रश्न आला तेव्हा एनिडनं नुसतं उत्तर नाही दिलं, करून दाखवलं. खुर्चीच्या पाठीवर रुमाल पसरला, तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. रुमालावर काळा ठिपका उमटला. सभागृह हसून लोळायला लागलं आणि खुर्च्या पुसणारा रखवालदार तेवढा खाली बघायला लागला.

अकरा-अकरा गुण झाले. शेवटचा प्रश्न आमच्यासाठी, मिल बेकनं पाठवलेला. सोवर्बीबाईंनी टेबलावरच्या वस्तूवरचा टॉवेल ओढला. चकचकीत अॅल्युमिनियमची नळी, वर नरसाळं, मध्यावर धरायला सुंदर लाकडी मूठ.

"ही वस्तू काय आहे, आणि कुणी शोधली?" बाईंनी वाचलं.

कथबर्ट ताडकन उठला. एनिडनं त्याचा स्वेटर धरून त्याला खाली बसवलं.

"ही बी पेरायची नळी," ती म्हणाली. "दुसरं सांगायच्या आधी मला एक विचारायचंय. ही मूठ कुणी बसवली?"

"मी," विल्फ म्हणाला.

"झकास आहे. मला नव्हतं सुचलं."

"तुला नव्हतं सुचलं म्हणजे?"

"म्हणजे नळी तिची आहे, चोरा!" कथबर्ट ओरडला. "आमच्या डोळ्यांदेखत केली तिनं, व्हॅक्यूमची नळी काढून!"

एकच गलका झाला. सोवर्बीबाईंनी हातातला कागद बघितला. त्यावर उत्तर लिहिलं होतं, 'विल्फ हार्कर, मिल बेक'. विल्फ कानापर्यंत लाल झाला. "मला माझ्या मेव्हण्यानं दाखवली," तो म्हणाला. "मी फक्त मूठ लावली. मग सगळे हार्करची नळी म्हणायला लागले. आणि मी... मी गप्प बसलो. बरं वाटायचं ऐकायला."

"वाटणारच," एनिड म्हणाली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून काठी आपटल्याचा आवाज आला. तिथं मिसेस पिअर्ट बसल्या होत्या, वय वर्षं त्र्याण्णव, नातीचे कांदे स्पर्धेत होते म्हणून आलेल्या.

"कसली हार्करची आणि कसली हिची?" त्या म्हणाल्या. "माझी आई शेगडीच्या धुराड्याच्या नळीतून बिया पेरायची. पहिल्या महायुद्धाच्या आधी. नऊ बाळंतपणं झाली होती, कंबर कुठली वाकतेय? तिला शेजारणीनं शिकवलं. आणि त्या शेजारणीला तिच्या आजीनं."

मला वाटलं, एनिडला लागणार हे. मी तिच्याकडं वळले तर ती जागेवर नव्हती. स्वतःची खुर्ची फरफटत ती मिसेस पिअर्टच्या समोर जाऊन बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून, डोळे लहान मुलीसारखे चमकत होते.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "आणि वर नरसाळं कशाचं लावायच्या?"

"नरसाळं कसलं? ग्रामोफोनचा कर्णा. बाबांचा. बाबा कामावर गेले की काढून घ्यायची, ते यायच्या आत परत बसवायची. बाबा म्हणायचे, हल्ली या गाण्यांतून माती का पडते?"

हसता हसता विल्फच्या डोळ्यांतून पाणी आलं. कथबर्ट टेबलावर डोकं ठेवून हलत होता. सोवर्बीबाई पेन्सिल घेऊन थांबलेल्याच. "पण मी उत्तर काय लिहू?"

"'माहीत नाही' लिही," एनिड मागं न वळता म्हणाली. "आज दिलेल्या उत्तरांत तेच सगळ्यात बरोबर आहे."

केक मधोमध कापला. कथबर्टनं दोन्ही तुकडे पट्टीनं मोजले आणि आमचा किंचित मोठा निघाला म्हणून कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये विल्फनं आपल्या गाडीतून मिसेस पिअर्टना टॅनर्स हिलवर आणलं. एनिडनं आपल्या तुकड्यात फळ्या टाकून त्यांच्या चाकांच्या खुर्चीला वाट केली होती. कथबर्टनं कुठल्याशा जुन्या बाजारातून पितळी कर्णा पैदा केला होता, त्याला धुराड्याची खरीखुरी नळी. मिसेस पिअर्टनी हातमोजे काढले, मूठभर बिया घेतल्या आणि बसल्या जागेवरून अख्खी ओळ पेरली. मी खुर्ची ढकलत होते, एनिड नळी हलवत होती, आणि प्रत्येक बी खाली जाताना म्हातारी मान डोलवत होती.

जूनच्या शेवटी शेंगा आल्या. एनिडनं त्या उकडल्या, वर कोथिंबिरीसारख्या पार्सलीचा पांढरा रस्सा, बाजूला हॅमचे काप, आणि खोपट्याबाहेर टेबल मांडून आम्ही सगळे जेवायला बसलो. मिसेस पिअर्टनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला. आम्ही श्वास रोखून बघत होतो.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढं केलं. "वाढ अजून."